वेगाचा खिळा

आमच्या घरात माणसं गप्प झाली तरी कुणाला काही वाटायचं नाही. इंजिनाने चाल बदलली तर मात्र हातातला घास हातातच राहायचा. रामनगरात हमरस्त्याला लागून बाबांची भाताची गिरणी होती आणि गिरणीच्या पाठीला पाठ लावून आमचं घर. मधली भिंत एकच. त्यामुळे डिझेल इंजिनाचा ठोका भिंतीतून चुलीपर्यंत यायचा आणि मांडणीवरची ताटं त्या ठोक्यावर बारीक थरथरत राहायची. शाळेत जाण्याआधी मी शंभरपर्यंत मोजायला शिकले ती त्या ठोक्यांवर. अजूनही कुठलं यंत्र चालू असलेलं ऐकलं की मी मनात मोजायला लागते. आमचे हे म्हणतात, तुझ्याबरोबर पिठाच्या गिरणीत जाणं म्हणजे परीक्षेला बसणं. पण ही सवय हौसेने लागलेली नाही. ती भीतीने लागली.

बाबांच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. मी चौथीत असताना एका दुपारी वेगाच्या दांड्याचा नट थरथरून ढिला झाला, दांडा पुढे सरकला आणि इंजिन पळालं. ‘पळालं’ हा आमच्याकडचा शब्द. इंजिन जागेवरच असतं, फक्त त्याचा वेग माणसाच्या हातातून जातो. मी अंगणात होते. ठोके मोजता येईनासे झाले, त्यांची सलग एक किंचाळी झाली, आणि आत मांडणीवरची ताटं एकामागून एक खाली पडली. बाबांनी पट्टा उतरवायला हात घातला होता. पुढचं मी पाहिलं नाही. आईने तिच्या लुगड्यात गुंडाळलेला त्यांचा हात तेवढा पाहिला.

त्यानंतर बाबांनी त्या नटावर कधी विश्वास ठेवला नाही. आमच्या भागात शेतातल्या पंपाला लोक करतात तेच त्यांनी केलं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून दांड्याला बांधली, समोरच्या फळीवर बोटबोट अंतराने खिळे ठोकले, आणि पट्टीचं टोक हव्या त्या खिळ्यात अडकवायला सुरुवात केली. पहिला खिळा इंजिन नुसतं चालू ठेवायला, तिसरा पिठाला, पाचवा भाताला. नट ढिला झाला तरी पट्टी दांड्याला जागेवर धरून ठेवायची. आई मात्र कुठल्याच खिळ्यावर विसंबली नाही. ती भाकरी थापताना मध्येच हात वर धरून ऐकायची, आणि ठोका ओळखीचा वाटला की मगच भाकरी उलटायची. आमच्याकडच्या भाकऱ्या एका बाजूने जरा करपलेल्या असत, त्याचं कारण हे.

अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याचे कान वेगळ्या आवाजाकडे असायचे. गोव्याच्या बाजूने सैन्याची विमानं आमच्या रानावरून जात. झाडांमुळे ती दिसायच्या आधी ऐकू यायची, आणि ऐकू येईपर्यंत निघून गेलेली असायची. एकदा एक विमान इतकं खालून गेलं की शेजारची म्हैस दावं तोडून थेट रस्त्यावर ट्रकांत गेली. आई कानांवर हात ठेवून उंबऱ्यात बसली. अण्णा मात्र अंगणात मान वर करून उभा होता, तोंड उघडं. “काय वेग गे नंदे!” एवढंच म्हणाला. आईने ते ऐकलं. मला वाटतं, तिची दुसरी भीती त्या दिवशी सुरू झाली.

पदवी हातात पडायच्या सुमारास त्याने बेळगावहून एक जुना कॉम्प्युटर आणला आणि गिरणीतल्या पोत्यांच्या खोलीत मांडला. कोंड्याची धूळ बसू नये म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद असायचा. तो उचलला की खेळ सुरू. महायुद्धातल्या पंख्याच्या विमानांच्या लढाईचा खेळ होता. तबकडी कुणाची तरी नक्कल केलेली, तिच्यासोबत माहितीचं पुस्तक वगैरे नव्हतं. वास्कोच्या मामाने एक जॉयस्टिक आणून दिली, म्हणजे विमानाची छडी, तीही वापरलेली. दुपारी मोटर चालवणारी थ्री फेज वीज जायची आणि दिव्यांपुरती सिंगल फेज तेवढी राहायची. त्यामुळे पलीकडे बाबा इंजिन चालवायचे आणि अलीकडे अण्णा विमान. त्या खेळातलं विमान मला आठवतं ते आमच्या गिरणीच्या ठोक्यासकट.

विमानाला एक खोड होती. अण्णा थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, नेहमी पूर्ण ठेवायचा. कमी केला तर मागचा येऊन मारतो, असं त्याचं म्हणणं. आणि वेग वाढला की विमान आपोआप नाक वर करायचं. सरळ जायचं तर छडी सतत पुढे रेटून धरावी लागे. अर्ध्या तासात मनगट भरून यायचं. मग त्याने बाबांच्या इंजिनाकडे पाहिलं आणि तेच केलं. छडीला ट्यूबची पट्टी बांधली, टेबलावर फळी ठोकली, फळीवर नऊ खिळे. पट्टी जितक्या पुढच्या खिळ्यात अडकवावी तितकी छडी पुढे ओढलेली राहायची. बाबा डोकावून बघून गेले आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. “आता पट्टा तेवढा बसीव,” म्हणाले.

कुठल्या वेगाला कुठला खिळा, हे काम माझ्याकडे आलं. मी बारावीत होते, आणि वहीत रकाने आखायला मला सांगावं लागत नसे. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा दिसायचा. अण्णा ओरडायचा, “सरळ हाय!” की मी आकडा लिहायची. तिसरा खिळा तीनशे चाळीस. पाचवा चारशे वीस. सातवा चारशे ऐंशी. ह्या कामाचं खरं कारण मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. विमान खाली जायला लागलं की पडद्यावर जमीन मोठी होत यायची, शेतांचे तुकडे गरगर फिरायचे, आणि मला मांडणीवरची ताटं पडताना ऐकू यायची. आकड्यावर नजर ठेवली की जमीन बघावी लागत नसे. मी त्या खेळात शेकडो वेळा अण्णाला आपटताना ऐकलं असेल. पाहिलं फार थोड्या वेळा.

कारण तो आपटायचाच. सरळ उडताना आमचे खिळे झकास चालायचे. पण शत्रूचं विमान वळलं आणि अण्णा त्याच्या मागे वळला, की वळणात त्याचा वेग उतरायचा आणि नाक खाली जायला लागायचं. तो दोन्ही हातांनी छडी पोटाशी ओढायचा. पट्टी ताणायची, मग एकदम जास्तच ओढलं जायचं, एक पंख कोसळायचा आणि विमान भोवऱ्यासारखं फिरत जमिनीवर. “कोण तरी ढकलालंय गा ह्येला,” अण्णा म्हणायचा. कुंभारवाड्याकडचे देवूमामा महिन्यातून एकदा भात घेऊन यायचे. पोत्यावर बसून तंबाखू मळत ते हा तमाशा बघायचे.

“काय रं पायलट, उतारलास काय?”

“उतारलो न्हाई मामा, पडलो.”

“आमची बस बी अशीच येत्या. आज तर न्हाईच म्हणालेत. तुझ्या इमानातनं आमचं पोतं तेवढं पोचीव की कुंभारवाड्याला.”

“पोतं पोचंल. तांदूळ गोळा करून घ्यावा लागंल झाडांवरनं.”

“मग नगं. आमची म्हातारी झाडावर चढंना आता.”

सगळे हसायचे. आई हसायची नाही. ती भिंतीपलीकडे असायची आणि तिला फक्त ‘पडलो’ एवढा शब्द ऐकू जायचा.

मग पत्र आलं. अण्णाने सैन्यात वैमानिक व्हायला अर्ज केला होता, हे बाबांना माहीत होतं, मला माहीत होतं, आईला कुणी सांगितलं नव्हतं. म्हैसूरला बोलावलं होतं. चार-पाच दिवस निरनिराळ्या परीक्षा, आणि त्यांतली एक यंत्रावरची: समोर पडदा, पडद्यावर ठिपका, हातात छडी, पायात पेडल. इतर परीक्षा पुन्हा देता येतात. यंत्राची परीक्षा माणसाला आयुष्यात एकदाच. त्यात गेला तो गेला. विमान चालवायला परत कधी बोलावत नाहीत. अण्णाने पत्रातलं ते वाक्य मला तीनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा आवाज उतरलेला होता. रविवारी सकाळच्या बसने निघायचं होतं, हातात दोन आठवडे होते. तो रोज दुपारी पोत्यांच्या खोलीत बसू लागला आणि रोज वळणात पडू लागला. आईने पत्राबद्दल ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तिने रात्रीचं जेवण सोडलं. विचारलं की म्हणायची, “भूक न्हाई.” घरातल्या सगळ्यांना कळत होतं की तो नवस होता, आणि नवस कसला ते विचारायचं धाडस कुणाला होत नव्हतं.

निघायच्या आधीच्या मंगळवारी अण्णा कुठल्याशा दाखल्यासाठी जोयड्याला कचेरीत गेला होता. खोलीत मी एकटी. माझ्या तक्त्यात एक रकाना रिकामा होता. पूर्ण थ्रॉटलचे आकडे होते, अर्ध्याचे नव्हते, कारण अण्णा अर्ध्यावर कधी उडायचाच नाही. रिकामा रकाना मला बघवत नाही, आजही नाही. म्हणून मी कॉम्प्युटरवरचा कागद उचलला, भीत भीत विमान वर नेलं, पट्टी पाचव्या खिळ्यात अडकवली, थ्रॉटल अर्ध्यावर आणला आणि हात मांडीवर घेतले. आता हे पडणार, या विचाराने डोळे आकड्यावर रोखले. नाक खाली गेलं. वेग वाढला, साडेचारशे. मग कुणी हात न लावता नाक वर आलं. वेग उतरला, चारशे. पुन्हा नाक खाली. चारशे पस्तीस. पुन्हा वर. झोका लहान लहान होत गेला आणि आकडा येऊन थांबला चारशे वीसवर. विमान सावकाश खाली उतरत होतं, पण वेग तोच. मी थ्रॉटल पूर्ण केला. झोके झाले, विमान वर चढू लागलं, आणि वेग पुन्हा चारशे वीस, दोन-चार इकडेतिकडे. पाव थ्रॉटल केला. चारशे वीस.

भिंतीपलीकडे बाबांनी त्याच वेळी मोठं पोतं गिरणीत ओतलं असावं. इंजिन दबलं. ठोके रेंगाळले, आणि मी सवयीने मोजायला लागले. हळूहळू ते उचललं आणि आपल्या चालीवर आलं, पहिल्याइतकेच ठोके. हे मी जन्मभर ऐकत आले होते. मी दारातून विचारलं, “बाबा, भात घातलं की इंजिन दबतंय, मग परत त्याच चालीला कसं येतंय?”

“खिळा कुठला लावलाय?”

“पाचवा.”

“मग पाचव्यालाच येणार न्हवं? भात कमी घाल न्हाईतर जास्त घाल. चाल खिळ्याची, भाताची न्हाई.”

मी परत येऊन वहीत वर मंगळवार लिहिलं आणि खाली एक वाक्य: खिळा उंचीचा नाही, वेगाचा आहे. मग बसून पुढचा हिशेब केला. अण्णा सातव्या खिळ्यावर, चारशे ऐंशीवर, वळणात शिरत होता. वळणात वेग उतरून अडीचशेवर यायचा. विमानाला आपले चारशे ऐंशी परत हवे असायचे, म्हणून ते नाक खाली घालायचं. कुणी ढकलत नव्हतं. विमान खिळ्याचं ऐकत होतं आणि अण्णा विमानाशी कुस्ती खेळत होता. दोन महिन्यांत त्याचा हात एकच गोष्ट शिकला होता, छडीशी झटायचं: आधी पुढे रेट, मग जीव खाऊन ओढ. मोकळी छडी कशी असते हे त्याच्या हाताला माहीतच नव्हतं. आणि म्हैसूरच्या यंत्राला ट्यूबची पट्टी असणार नव्हती.

मी वही घेऊन स्वयंपाकघरातून धावत निघाले, अण्णा आला का बघायला. आई मुडलीचे कंद सोलत बसली होती. हाताला खाज सुटू नये म्हणून तेल लावलेलं, विळीसमोर माती लागलेल्या सालींचा ढीग. तिने मान वर केली.

“कुठं पळालीस? वहीत काय हाय?”

“अण्णाचे आकडे.”

ती थांबली. मग हळू आवाजात, जणू मी कुणी मोठी बाई आहे असं, तिने विचारलं, “नंदा, तू समदं लिवत्यास. खरं सांग. जमल काय त्याला?”

मला खोटा आकडा सांगता येत नाही. “असंच राहिलं तर न्हाई जमणार,” मी म्हटलं. “तो पडणारच.”

“खेळात?”

“परीक्षेत.”

आईच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी पंचवीस वर्षांत विसरले नाही. कपाळावरची शीर जणू कुणी सैल केली. तिने हातातला कंद खाली ठेवला, तेलकट हात जोडून देवाच्या फळीकडे बघितलं, आणि माझ्या डोक्यावरून कोपर फिरवलं, कारण हात खाजरे होते. त्या संध्याकाळी तिने घावनं केली आणि नारळाच्या रसात गूळ घातला. स्वतः जेवायला बसली. अण्णाने दोन वेळा घेतलं आणि तिसऱ्या वेळी “साकू, साकू” म्हणत ताटावर हात धरला तरी तिने वाढलं. जेवताना ती आमच्याकडे बघत नव्हती, ऐकतही नव्हती. इंजिन बंद होतं, आणि त्या दिवशी घरात पहिल्यांदाच कुणी कान लावून बसलं नव्हतं. माझ्या मांडीखाली वही होती. मी सांगितलं नाही.

बुधवारी सांगितलं नाही. गुरुवारी सांगितलं नाही. तो पडत होता, मी आकडे लिहीत होते. मी मनाशी कारणं रचत होते. तो पास झाला तर त्या म्हैस पळवणाऱ्या विमानात बसेल. विमान पळालं तर पट्टा उतरवायलाही तिथे कुणी नसेल. आई परत उपाशी राहील. ही कारणं खरीच होती. पण मला मुख्य भीती कुठली होती हे आज सांगायचं तर असं: मी तोंड उघडलं आणि तो गेला, तर पुढे जे होईल ते माझ्या आकड्यांनी झालेलं असेल. गप्प राहिले तर काहीच माझ्यामुळे झालेलं नसेल, असं मला वाटत होतं. सतरा वर्षांची होते. गप्प राहणंसुद्धा मोजलं जातं, हे तेव्हा कळत नव्हतं. शुक्रवारी अण्णाने मनगटाला खोबरेल तेलाचं फडकं बांधून विमान उडवलं. त्या दिवशी तो सहा वेळा पडला.

शनिवारी दुपारी पुन्हा एकदा पंख कोसळला, तेव्हा त्याने छडी सोडली आणि माझ्याकडे वळला. रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

“नंदे, तुझे आकडे एकदा तपास की. तक्ताच चुकलाय बघ. माझा हात चुकंना.”

“तक्ता चुकलेला न्हाई.”

“मग विमान का पडालंय? तूच सातव्याला चारशे ऐंशी लिवलीस.”

“चारशे ऐंशीच हाय! सातवा खिळा चारशे ऐंशीचाच हाय, तू अडीचशेला वळालाईस!” मी ओरडले. मग सगळंच सांगितलं, एका दमात, खिळा वेगाचा, चाल खिळ्याची, भाताची नाही. मला हे लिहून ठेवायचं आहे, कारण आमच्या घरात पुढे असं म्हटलं गेलं की नंदाने भावासाठी तोंड उघडलं. मी भावासाठी उघडलं नाही. त्याने माझा तक्ता चुकला म्हटलं, ते मला सोसलं नाही.

मी पट्टी काढली. अण्णाने थ्रॉटल मी सांगितला तिथे, अर्ध्याच्या खाली आणला. “आता सोड,” मी म्हटलं. त्याला सोडवेना. त्याची बोटं छडीभोवती तशीच. मी एकेक उचलली. विमानाने नाक खाली घातलं, वर केलं, दोन-तीन झोके घेतले, आणि दोनशे सत्तरवर सरळ उडू लागलं. खाली शेतं सावकाश मागे जात होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा पडद्यावरची जमीन नीट पाहिली. मग अण्णाकडे पाहिलं. त्याचे हात मांडीवर होते, आणि तोंडावर रंग नव्हता. मला वाटलं होतं तो उडी मारेल.

“हे आपलं आपणच उडालंय,” तो म्हणाला.

“व्हय.”

“मग मी इतके दिवस काय धरून बसलोतो?”

अंधार पडेपर्यंत तो मोकळ्या छडीने वळणं घेत राहिला. दोनदा नीट वळला. तिसऱ्यांदा हात जुन्या सवयीने पोटाशी गेला आणि विमान भोवऱ्यात गेलं. वीज गेली तेव्हा तो मोडक्या खुर्चीवर बसून रिकाम्या हाताने हवेत छडी पुढे-मागे करत होता, हळू, अगदी हळू, दूध ओतल्यासारखी.

रविवारी सकाळी आईने त्याच्या हातावर दही घातलं. बस धारवाडच्या बाजूने जाणारी होती, ट्रकांच्या मागे उभी राहून ती वाट काढत होती. अण्णा चढला. आईने माझा दंड धरला.

“फळीवरची पट्टी कुणी काढली?”

“मी.”

“आता जमल काय त्याला?”

“ठाव न्हाई, आये.”

तिने दंड सोडला. त्या दिवसापासून ती पुन्हा रात्रीची जेवली नाही, तो परत येईपर्यंत. ते दिवस घरात इंजिनाचा ठोका मला शत्रूसारखा वाटत होता. तो पास व्हावा की होऊ नये, यांतलं काय मागावं हे न कळल्यामुळे मी देवापुढे उभी राहिले की नुसते ठोके मोजत असे.

तो आला दुपारी, गोव्याकडे जाणाऱ्या एका ट्रकमधून उतरून. पिशवी खांद्याला, शर्ट नीट खोचलेला. बाबांनी पट्टी पहिल्या खिळ्यावर आणली, म्हणजे बोलणं ऐकू येईल. बाकी सगळ्या परीक्षा पास झालो, अण्णा म्हणाला, यंत्रावर गेलो. “छडी एकदम हलकी गे. आपल्या पट्टीसारखं कायबी न्हाई. हात एकदा रेटायचा, लगेच सुटायचा. दोन्ही सवयी एकाच हातात आल्या. ठिपका एका जागी ऱ्हाईनाच.” मग म्हणाला, “शेवटाला शेवटाला बसालता. अजून जरा येळ असता तर...” आईने त्याला जवळ घेतलं आणि रडली, आणि मग दोघांची ताटं वाढून त्याच्याबरोबर पोटभर जेवली. दोन्ही खरं होतं, रडणंही आणि जेवणंही. बाबांनी संध्याकाळी एवढंच म्हटलं, “उद्या भात लई हाय. ये सकाळी.” अण्णा गेला. आजही जातो.

मी लग्न होऊन जोयड्याला आले, तेव्हा ती वही माझ्याबरोबर आली. मुलांच्या शिकवण्या घेते, घर बघते, आकड्यांची माझी आवड कुणाच्या उपयोगाची असेल तेवढी वापरते. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत तिची समजूत होती की तिचा नवस फळला. मी ती मोडली नाही. पण शनिवारऐवजी मंगळवारी सांगितलं असतं तर, हा भागाकार मी किती वेळा मांडला याची गणती नाही.

गेल्या दिवाळीनंतर अण्णाचा फोन आला. त्याची मुलगी तनू अठरा पुरी होते आहे. तिच्या लॅपटॉपवर तसलाच खेळ आहे, पण शंभर पटींनी खरा. “नंदे, आपले खिळे तिनं बघितले आणि पोट धरून हसालीय,” अण्णा सांगत होता. “कळफलकावर दोन बटणं हाईत म्हणे. एक दाबलं की खिळा पुढं, एक दाबलं की मागं. त्याला ट्रिम म्हणतेत. तवाबी व्हती ती बटणं. आपल्याला कुणी सांगितलंच न्हाई.” तो हसला, मीही हसले. मग म्हणाला, “तिनंबी अर्ज केलाय. त्याच परीक्षेचा. तुझी ती वही हाय काय? घेऊन ये.”

रामनगरपर्यंतच्या बसमध्ये वही माझ्या मांडीवर होती. मंगळवारचं पान फाडणं सोपं होतं. माझी नजर खिडकीबाहेर नव्हती. जिथे आकडे होते तिथे होती.

गिरणी आता विजेवर चालते, तिचा ठोका नाही, नुसती गुणगुण आहे. पण बाबांची फळी अजून भिंतीवर आहे, खिळ्यांसकट. अण्णाने चष्मा लावला आणि पोत्यावर बसून पानं उलटायला लागला. तिसरा खिळा, पाचवा, सातवा. मग त्याचं बोट थांबलं. त्याने ते वाक्य वाचलं, वरचा वार वाचला.

“तू मला शनवारी सांगितलीस,” तो म्हणाला.

“व्हय.”

“कळलं मंगळवारी.”

“व्हय.”

“आयेनं गप्प बसवली?”

“न्हाई. मीच बसलो. आयेला त्यातलं काय ठाव नव्हतं.”

आमच्याकडे बायकाही ‘मी बसलो’ म्हणतात. इतक्या वर्षांनी तोंडात तेच आलं. अण्णाने बोटांवर मोजलं, मंगळ, बुध, गुरु, शुक्र. भुशाचा हात त्याने धोतराला पुसला. तनू आतून विचारत होती, आत्ती आली का. मला पळून जावंसं वाटत होतं. मी त्या पोत्यांच्या खोलीत अनेक वेळा भ्याले आहे, इतकी कधी भ्याले नव्हते.

“चार दिवस,” तो म्हणाला. “चार दिवसांत हात सुटला असता काय गे माझा?”

हा एकच हिशेब मी पंचवीस वर्षं करत होते. “सांगता येत न्हाई,” मी म्हटलं.

त्याने खिशातलं पेन काढलं, वही माझ्यासमोर ठेवली आणि त्या वाक्याखालच्या रिकाम्या ओळीवर बोट टेकवलं.

“मग लिव तसं,” म्हणाला. “रकाना मोकळा नको.”

मी लिहिलं.